जुन्या ऑल-इन-वन संगणकाचा मॉनिटर
रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत पडद्याच्या खोक्यातच बसवलेल्या ऑल-इन-वन संगणकाचा मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) अनेकदा गंजून निकामी होतो, पण पडदा शाबूत असतो. तो भंगारात देणे मला पटत नाही; त्याचा लॅपटॉपसाठी मॉनिटर करता येतो. प्लग काढून यंत्र रात्रभर तसेच ठेवावे, कारण पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते. मग यंत्र उघडून पॅनेलच्या (पडद्याच्या) पाठीवरील लेबलवरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासकट टिपून त्याच क्रमांकाला जुळणारा एलसीडी कंट्रोलर बोर्ड (लॅपटॉपचे चित्र पॅनेलपर्यंत पोचवणारा) मागवावा, कारण एलव्हीडीएस आणि ईडीपी या बोर्ड व पॅनेलमधल्या दोन प्रकारच्या जोडण्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत आणि पॅनेलचा व्होल्टेज चुकला तर ते जळू शकते. पॅनेलच्या जोडणीच्या पिनांवर हिरवट थर असल्यास तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच बोर्डाची केबल बसवावी. त्यानंतर बोर्डाला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडावा.