‘ऑल्दो’ आला की ‘बट’ नको: इंग्रजी वाक्यं जोडताना या चुका टाळा

‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम.’ दहावीच्या उत्तरपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत कुठेही भेटणारं हे वाक्य. चूक का होते ते उघड आहे. मराठीत ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ यायलाच हवं, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत मात्र दोन वाक्यांच्या सांध्यावर एकच जोडशब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा, नाहीतर ‘बट’. जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘ऑल्दो’च्या जोडीला ‘येट’ दिसतो, पण आज तोही टाळलेला बरा. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड होम’ हा त्याच चुकीचा भाऊ.

शंका आली तर मोजून पाहा. पूर्ण वाक्यं दोन असतील तर जोडशब्द एक, तीन असतील तर दोन.

परीक्षेत गुण जातात ते संयुक्त (कंपाउंड) आणि मिश्र (कॉम्प्लेक्स) वाक्यातल्या गोंधळामुळे. संयुक्तात जोडलेली वाक्यं बरोबरीची असतात, मिश्रात एक मुख्य आणि दुसरं त्यावर अवलंबून, म्हणजे गौण. संयुक्त वाक्य करायला सांगितलं की मुलं खुशाल ‘बिकॉज’ लावतात. अर्थ बरोबर असतो, पण वाक्य मिश्र होतं, कारण ‘बिकॉज’ पुढचं वाक्य गौण ठरवतो. संयुक्त वाक्याला फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सातांपैकी एक लावायचा: ‘ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम.’ उलट ‘शी ओपन्ड द डोअर अँड वेंट इन’ यात ‘अँड’ असूनही वाक्य संयुक्त नाही. कर्ता एकच, क्रियापदं दोन. तिथे ‘अँड’आधी स्वल्पविरामही नको.

स्वल्पविरामाबाबत मराठी उदार आहे. ‘पाऊस पडत होता, आम्ही घरीच थांबलो’ हे आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत नुसत्या स्वल्पविरामावर दोन वाक्यं जोडणं चूक. ‘हाउएव्हर’ घातल्यानेही ती सुधारत नाही, कारण ते मुळात उभयान्वयी अव्यय, म्हणजे जोडशब्दच नाही. त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा.

सर्वांत चिवट चूक ‘अन्टिल’ची. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ यातला ‘नाही’ थेट इंग्रजीत शिरतो: ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम.’ आपल्याला हे बिनचूक वाटतं, इंग्रजी माणूस मात्र बुचकळ्यात पडतो. ‘वेट अन्टिल आय कम’ एवढंच पुरे. ‘अनलेस’चंही तेच: नकार त्याच्या पोटातच आहे, म्हणून ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’. ‘डोन्ट’ घातलंत की अभ्यास करणाराच नापास!

‘नो सूनर’ दिसला की मात्र पुढे ‘दॅन’च, ‘व्हेन’ नाही. आणि ‘डिड’नंतर क्रियापद मूळ रूपात: ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ ‘रँग’ लिहिलंत तर ‘दॅन’ बरोबर असूनही वाक्य चुकलंच.