मोगरा आणि बोगनवेल: कोकणातल्या परसात या चुका टाळा

शिमगा जवळ आला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. मोगरा पानांनी गच्च भरलाय, पण कळी धरत नाही. आणि शेजारच्या गडग्यावर बोगनवेल गुलाबी होऊन लोंबतेय, आपली मात्र हिरवीच. बहुतेक घरी कारण एकच निघतं: दोन्ही झाडांना एकाच नळीने सारखंच पाणी आणि एकाच घमेल्यातलं सारखंच खत. दोघांनाही फूल नव्या फुटीवर येतं, एवढंच साम्य. ती फूट निघाली की मोगऱ्याला भरपूर पाणी आणि खत हवं असतं, बोगनवेलीला पाण्याचा ताण.

एकाच दिवशी दोन्ही छाटणं

बोगनवेलीची मुख्य छाटणी पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करायची. पावसात सुटलेले लांब सोट एक तृतीयांशाने कमी करा आणि आत वळलेल्या काड्या बुडातून काढा. दिवस लहान होत जातात तसा तिच्यात रंगाचा जोर येतो. नवी फूट त्या काळात तयार असली तर पौषापासून वैशाखापर्यंत रंग टिकतो. जानेवारी-फेब्रुवारीत वेल अंगणात येते म्हणून कोयता चालवला, तर त्या हंगामाचा रंग त्या काड्यांबरोबरच जातो.

मोगऱ्याचं गणित दोन-अडीच महिने पुढचं. नोव्हेंबरअखेरीस पाणी तोडा. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन आठवड्यांचा ताण पुरतो. कुंडीतल्या झाडाला दहा-बारा दिवस बस्स, तिथे माती फार लवकर सुकते. पानं निस्तेज होऊन थोडी गळू लागली की डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाड जमिनीपासून दीड फुटावर सरळ छाटा आणि उरलेली पानं ओरबाडून काढा. एवढं बोडकं केलेलं झाड बघवत नाही, म्हणून बरेच जण नुसते शेंडे खुडून थांबतात. मग जुन्या काडीवर चार पानं आणि दोन कळ्या येतात. काडीवरचे सगळे डोळे (फुटव्याचे कोंब) एकदम फुटायला हवे असतील तर छाटणी खोलच हवी. छाटल्यावर आळं उकरून मुळं दोन-तीन दिवस उघडी ठेवा, मग खतमाती भरून पाणी सुरू करा. साधारण दीड-दोन महिन्यांत कळी दिसते.

दोघांना सारखं शिंपणं

मोगऱ्याला फुटीपासून कळी संपेपर्यंत जमिनीत दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्या, कुंडीत रोज. कळी धरल्यावर पाण्यात खंड पडला तर ती बारीक राहते आणि न उमलताच गळते.

बोगनवेल जमिनीत लावून दोन पावसाळे झाले असतील तर हिवाळ्यात तिला पाणी लागतच नाही. कुंडीतल्या वेलीची पानं किंचित मलूल झाली की कुंडीच्या बुडातून वाहेपर्यंत पाणी द्या, आणि पुन्हा मलूल होईपर्यंत हात लावू नका. रोज तांब्याभर पाणी हा तिच्यावरचा सगळ्यात वाईट उपकार! रंग भरात असताना एकदम पाणी वाढवलं तर रंगीत पानं गळतात आणि हिरवे सोट सुटतात. मार्चमधल्या अवकाळी सरीनंतर होतं तेही हेच, त्याला इलाज नाही. खरं फूल म्हणजे त्या रंगीत पानांमधली छोटी पांढुरकी नळी, ती सुकली म्हणून घाबरू नका. ‘महारा’सारख्या डबल जातींत रंगीत पानं वाळल्यावरही झाडावरच चिकटून राहतात, ती हाताने काढावी लागतात.

कातळातला खड्डा

जांभ्यात पहारीने दोन फुटांचा खड्डा काढायचा, त्यात छान माती भरायची आणि रोप लावायचं. उन्हाळ्यात सगळं ठीक दिसतं. जूनपासून तोच खड्डा हौद होतो, कारण भोवतीच्या कातळातून पाणी पुरेसं निचरत नाही. मुळं कुजतात, आणि झाड मरतं मात्र ऑक्टोबरच्या उन्हात, त्यामुळे दोष उन्हाला जातो. लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर उताराच्या बाजूने चर काढा. नाहीतर चिऱ्यांचा फूटभर उंच वाफा बांधून वरच लावा. कुंड्या पावसाळ्यात विटांवर उचलून ठेवा आणि खालच्या थाळ्या काढून टाका. कुंडीच्या मातीत समुद्राची वाळू घालू नका. तिच्यात मीठ असतं, शिवाय शिंपल्यांचा चुनाही.

बोगनवेलीची मुळं नाजूक असतात. पिशवी फाडून माती झटकलेलं रोप अनेकदा लागतच नाही. पिशवीचं बूड कापा, गड्डा तसाच खड्ड्यात बसवा आणि मग बाजूचं प्लास्टिक ओढून घ्या.

खत

छाटणीनंतर मोगऱ्याच्या मोठ्या झाडाला दहा किलो कुजलेलं शेणखत, 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 40 ग्रॅम पोटॅश द्या. जांभ्याच्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, म्हणून सुपर फॉस्फेट वरून भुरभुरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ते शेणखतात कालवून मुळांजवळ द्या. समुद्राजवळ म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. म्युरेटमध्ये क्लोराइड असतं, आणि ते तिथे आधीच पुरेसं असतं.

बोगनवेलीला ऑक्टोबरमध्ये दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर राख पुरे. युरिया किंवा मासळी धुतलेलं पाणी मिळालं की ती पानांवरच जाते. सुकट धुतलेलं खारट पाणी मोगऱ्याच्या आळ्यात तर कधीच ओतू नका.

पिवळं पान म्हणजे लोह कमी, ही समजूत

मोगरा पिवळा पडला की हिराकस (फेरस सल्फेट) आणायची सवय आहे. पण आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. ही कातळावर सहसा दिसत नाही, जांभ्यात लोह भरपूर असतं. ती किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या वाळूत दिसते, किंवा सिमेंटचा राडा पडलेल्या भिंतीकडेला. तिथे चुन्यामुळे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस, ताजंच करून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांच्या अंतराने असं तीनदा. अशा जमिनीत राख टाकू नका.

खालची जून पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळाशी पाणी साचलंय. पावसाळ्यानंतर दोन्ही एकदम असू शकतं, म्हणून आधी माती उकरून वास घ्या. आंबूस वास आला तर खत नको, निचरा करा. जून पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी, पावसाने धुतलेल्या मातीत हे होतंच. लिटरला 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा. आणि पानांच्या कडा करपल्या असतील तर विहिरीचं पाणी चाखून बघा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. बोगनवेल ते पाणी आणि खारं वारं बऱ्यापैकी सोसते, मोगरा सोसत नाही. म्हणून समुद्राच्या बाजूला बोगनवेल, मोगरा घराच्या आडोशाला. मात्र आडोसा म्हणजे आंब्याची सावली नव्हे. दोघांनाही रोज पाच-सहा तास ऊन हवंच.

कळी जांभळी पडते, भोक दिसतं

कळी जांभळट होऊन सुकत असेल तर ते मिजमाशीचं काम. तिची अळी जमिनीत जाऊन कोष करते, म्हणून नुसत्या फवारणीने भागत नाही. बिघडलेल्या कळ्या तोडून जाळा आणि झाडाखालची माती हलवून उन्हात तापू द्या. कळीला भोक आणि आत हिरवी अळी असेल तर ती कळी पोखरणारी अळी. लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. त्यानंतर चार-पाच दिवस त्या झाडाच्या कळ्या वळेसराला (गजऱ्याला) घेऊ नका.

चैत्र उजाडल्यावर लक्षात आलं तर

मोगऱ्याचा हंगाम अजून वाचतो. आता खोल छाटू नका. शेंडे चार बोटं खुडा, मूठभर शेंगदाणा पेंड दोन दिवस भिजवून बादलीभर पाण्यातून द्या आणि पाण्यात खंड पडू देऊ नका. मेमध्ये एक बहर मिळतो. बोगनवेलीचं पाणी मात्र लगेच तोडा. पंधरा-वीस दिवसांत शेंड्यांवर रंग दिसला तर उत्तम, नाहीतर तिला ऑक्टोबरपर्यंत कोयता लावू नका.