बॉनव्हिल स्पेशल १:२४ मध्ये: घुमट आणि नागपुरी हवेतला रंग

१९५४ च्या मोटोरामासाठी, म्हणजे जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी, त्यांच्याच पाँटियाक विभागाने बॉनव्हिल स्पेशलच्या दोनच गाड्या बांधल्या, एक ब्राँझ, दुसरी हिरवी. बॉडी फायबरग्लासची, वर लढाऊ विमानासारखा पारदर्शक घुमट. मॉडेलची सगळी शान घुमटात आणि रंगात आहे, आणि मातीही तिथेच होते.

रेझिनची बॉडी हातात आली की आधी मोजा. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०० इंच, म्हणजे चोविसाव्या हिश्श्याच्या या मॉडेलमध्ये १०५.८ मिमी. मग भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो.

घुमटाचा साचा सागवानाचा कोरा, सगळीकडून अर्धा मिमी बारीक, कारण वर अर्ध्या मिमीची पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिक) शीट बसणार. लाकडाच्या शिरा पारदर्शक शीटवर हुबेहूब उठतात, म्हणून सँडिंग सीलरचे तीन-चार हात द्या आणि १२०० च्या वॉटर पेपरपर्यंत घासा. साच्याखाली १० मिमीचा सरळ ठोकळा हवाच. तो नसला तर कडेच्या चुण्या थेट काचेत चढतात. शीट फ्रेममध्ये पकडून तापवा. झोळीसारखी लोंबली की व्हॅक्यूम चालू करून झटकन साच्यावर दाबा. बुडबुडे आले म्हणजे जास्त तापली. पहिली शीट बहुधा वायाच जाते, पाच कापून ठेवा.

रंगासाठी सर्वात चांगले दिवस डिसेंबर-जानेवारीचे. मे महिन्यात ४५ अंशांत लॅकर हवेतच सुकतो आणि बॉडीवर वाळूसारखा खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी सहाला फवारा, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) घाला. कूलर चालू असलेल्या खोलीत मात्र अजिबात नको: दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, पावसाळ्यात येते तशीच. आलीच, तर कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा अगदी हलका फवारा मारा, बहुतेक वेळा ती निघते. कंप्रेसरला पाण्याचा ट्रॅप बाराही महिने लावा.

ब्राँझखाली चकचकीत काळा द्या, त्याने खोली येते. एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, दहा-बारा सेंटीमीटरवरून पातळ हात. एकाच जागी जाड पडला तर धातूचे कण वाहून ढगाळ डाग पडतात, आणि ते पुन्हा घासूनच काढावे लागतात.

बॉनेटवरचे दोन चंदेरी पट्टे क्लिअर कोट सुकल्यावर फॉइलने करा. घुमट सर्वात शेवटी, पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवा. झटपट गोंदाच्या वाफेने काच आतून धुरकट होते, आणि मग तिथे हात पोचत नाही.