ओएई तपासणी शिकताना: आधी प्रोब, मग यंत्राचा पडदा

बीएएसएलपीच्या, म्हणजे श्रवण आणि वाचा उपचारांच्या पदवीच्या, प्रशिक्षणात ओएई तपासणी (कानातून परत येणारा क्षीण ध्वनी टिपून बाळाचे श्रवण तपासणे) मला सर्वांत सोपी वाटली होती, कारण बाळाने काहीच करायचे नसते आणि यंत्र थोड्याच वेळात ‘पास’ किंवा ‘रेफर’ (पुढे तपासणी हवी) असे सांगून मोकळे होते. हा समज प्रसूतिकक्षातल्या पहिल्याच आठवड्यात गळून पडला. एका दिवसाच्या बाळाचे दोन्ही कान ‘रेफर’ आले, ते मी आजींना तसेच सांगून टाकले, आणि “म्हणजे बाळाला ऐकू येत नाही का?” या त्यांच्या प्रश्नापुढे गप्प झाले. आमच्या मॅडमनी कानात बसवलेला, ध्वनी सोडणारा आणि टिपणारा प्रोब काढून उजेडात धरला. त्याच्या बारीक छिद्रात बाळाच्या कानातला पांढरा चिकटा अडकलेला होता. टोक बदलले, दूध पिऊन बाळ गाढ झोपेपर्यंत थांबलो, पंखा बंद केला. दोन्ही कान पास.

असे का घडते, हे तपासणीमागचे तत्त्व समजल्याशिवाय उमगत नाही. कानात एकाच वेळी दोन स्वर सोडले, समजा 3279 आणि 4000 हर्ट्झचे, तर निरोगी कॉक्लिआतील (आंतरकर्णाच्या शंखाकृती भागातील) बाह्य केशपेशींच्या हालचालीमुळे 2558 हर्ट्झचा, म्हणजे पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केल्यावर उरणारा, आपण न दिलेला तिसरा स्वर तयार होतो आणि मध्यकर्णातून उलट वाटेने बाहेर येतो. कानातून येणारे असे ध्वनी डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये 1978 साली प्रथम नोंदवले. आपण दिलेले स्वर 65 आणि 55 डेसिबलचे असतात, तर परत येणारा स्वर त्यांच्याहून कितीतरी क्षीण असतो आणि तो भोवतालच्या आवाजापेक्षा किमान 6 डेसिबल वर यावा लागतो. बाळाचा नुसता घरघरता श्वासही त्याला झाकून टाकतो. मध्यकर्णात पाणी असले, तरी तो बाहेर पोहोचत नाही.

‘पास’ पाहूनही निर्धास्त होऊ नका. ही तपासणी केशपेशींपाशी थांबते. पुढच्या श्रवणतंतूत दोष असला तरी ओएई चांगली येऊ शकते. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा तपासणी, म्हणजे ध्वनीला श्रवणतंतू आणि मेंदूच्या खोडाकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी, झालीच पाहिजे, असा आग्रह धरा. आणि ‘रेफर’ आल्यास पालकांना “आज प्रतिसाद नोंदवता आला नाही, पुन्हा तपासू” एवढेच सांगा, पुढची तारीख मात्र तिथेच लिहून द्या.