मागचं झाकण आधी उघडू नका

जुना कॅमेरा हातात आला की अंगठा आपोआप मागच्या खटक्यावर जातो. जाऊ देऊ नका. माझा गेला होता. दारव्ह्याला भंगाराच्या ढिगात बडोद्याला बनलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री सापडला, तीनशे रुपयांत. तिथंच भर उन्हात उघडला, तर आत अर्धे फोटो काढलेला रोल! कुणाचं लग्न असेल, बारसं असेल, क्षणात गेलं.

अशा कॅमेऱ्याच्या पाठीवर लहानशी लाल खिडकी असते. 120 या मापाच्या फिल्म रोलच्या मागच्या कागदावर आकडे छापलेले असतात, ते तिच्यातून दिसतात. आकडा दिसला, की रोल आत आहे. मग किल्ली सावकाश फिरवत राहा. ती ढिली झाली, की अंधाऱ्या खोलीत गोधडीखाली रोल काढा अन् रबर लावून काळ्या कागदात गुंडाळा. आत रिकामी रीळ निघाली तर तीही फेकू नका. 620 च्या कॅमेऱ्याला (फिल्म 120 चीच, पण रीळ बारीक) तिच्याशिवाय गती नाही: कोडॅकनं तो रोल 1995 मध्ये बंद केला, आता 120 चाच रोल अंधारात त्या बारीक रिळावर गुंडाळावा लागतो.

भिंगात टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता अंधारात आतून उजेड टाकून तपासा, घड्यांच्या कोपऱ्यांवर भोकं असतात. शटर अडकलं तर शिवणमशीनचं तेल अजिबात घालायचं नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात टिनाखाली ठेवलेल्या कॅमेऱ्यातलं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरतं, अन् पावसाळ्यात चामड्याचं कव्हर ओल धरतं. कव्हर वेगळं ठेवा, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत.

पण जमलं तर भंगारातून नाही, घरातून घ्या. विचारता येतं: कुणाचा, कधीचा, शेवटचा फोटो कशाचा. त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. दुसरा क्लिक थ्री मला एका आजीच्या माडीवर मिळाला, खिडकीत 5. दुकान कधीचंच बंद केलेल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, जमवून रोल धुवून दिला. एकच फोटो धड आला. निगेटिव्ह मोबाइलवर काळ्याचं पांढरं करून आजीला दाखवलं. पोळ्याचे बैल, अंगावर झूल.

"हा आमचा सरज्या. अन् हा शिंग मोडलेला, पाखऱ्या."

कासरा धरून कोण उभं आहे?

"थो? असन कोणी सालदार."

कॅमेऱ्याचे पैसे तिनं घेतले नाहीत. दर खेपेला एवढंच विचारते, फोटो मोठा करून आणला का. भिंतीवर बुढ्याच्या बाजूले लावाचा हाये म्हणे.