शनिवारी येण्याआधी: डिले सर्किटवाल्यांची तयारी

चिपवर सिग्नल मुद्दाम उशिरा पोचवणारं सर्किट, म्हणजे डिले सर्किट, करून बघायला शनिवारी सकाळी नऊला नाशिकला गंगापूर रोडला माझ्याकडे या, पण नुसता लॅपटॉप उचलून येऊ नका. मागची बॅच आली, दोन तास टूल इन्स्टॉल करत बसली आणि मिसळ खाऊन घरी गेली. एनजीस्पाइस (सर्किट चालवून बघायला), एक्सस्कीम (सर्किट काढायला), मॅजिक (चिपचा लेआउट काढायला) तुमच्याच घरी चालू झालेलं असू द्या. स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं पीडीके (त्या कारखान्यात चिप बनवायला लागणारी मॉडेल आणि नियमांचा संच) २०२० पासून सगळ्यांना खुलं आहे, तेही उतरवून ठेवा आणि निदान एका इन्व्हर्टरचा (० चा १ आणि १ चा ० करणाऱ्या गेटचा) वेव्हफॉर्म डोळ्यांनी पाहून या. बॅटरी भरलेली आणा, आमच्याकडे शनिवारी लाइटचा भरवसा नसतो.

त्याआधी एक कोरा कागद घ्या. सिग्नल किती उशिरा हवाय, चढती कड (० वरून १ होतानाची) लांबवायची की उतरती की दोन्ही, किती चूक खपेल आणि तो सेकंदाला किती वेळा हलणार, एवढं लिहा. जागा आणि वीज खरी वाचते ती या कागदावर. नुसती चढती कड लांबवायची असेल, तर दोन्ही कडांसाठी ट्रान्झिस्टर खर्ची घालायचं कारण नाही. होल्ड (क्लॉकच्या ठोक्यानंतर डेटा थोडा वेळ स्थिर राहण्याची अट) सुधारायचा असेल तर ‘अमुक इतका तरी’ उशीर पुरतो, नेमका आकडा लागत नाही. पाच टक्क्यांच्या आतली अचूकता मागत असाल तर साध्या डिले सेलचं ते काम नाही; डीएलएल (क्लॉकशी ताडून उशीर आपोआप जुळवणारं सर्किट) किंवा ट्रिमिंग (चिप बनल्यावर उशीर मोजून जुळवणं) लागेल, आणि तो प्रोजेक्ट वेगळा. आणि उशीर हवाच कशाला, हेही विचारून घ्या. द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये तो फुकट मिळतो, चिपवर त्याचं भाडं पडतं.

क्लॉक (ठरावीक तालावर ठोके देणारा सिग्नल) हाताशी आहे का? असेल तर ६४ ठोक्यांच्या उशिरासाठी ६४ फ्लिप-फ्लॉपची (दर ठोक्याला एक बिट धरून ठेवणाऱ्या सेलची) रांग लावू नका. या पीडीकेच्या तयार सेलच्या लायब्ररीत साधा फ्लिप-फ्लॉप सुमारे २० चौरस मायक्रॉन घेतो, म्हणजे रांगेला १,२८० च्या आसपास. शिवाय प्रत्येकाला क्लॉक पोचवायचा. एका वेळी एकच पल्स वाटेत असणार असेल तर सहा बिटांचा काउंटर आणि थोडं लॉजिक भागवतं. सलग डेटा येत असेल तर छोटी मेमरी आणि फिरता पत्ता. पॅकहाउसमध्ये द्राक्षांचा प्रत्येक क्रेट दर मिनिटाला एक फळी पुढे ढकलत नाहीत, वही घेतलेला माणूस फिरतो.

क्लॉक नसेल तर मात्र ट्रान्झिस्टरपर्यंत उतरावं लागेल, आणि शनिवारचा बराच वेळ इथेच जाणार आहे. माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये मी ४० इन्व्हर्टर एकापाठोपाठ एक लावले होते. सिंथेसिस टूलने (वर्णनावरून गेट जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने) जोड्या-जोड्यांनी ते निरर्थक ठरवून काढून टाकले, आणि मी आठवडाभर ‘डिले कुठे गेला’ म्हणून शोधत होते. त्यामुळे मुद्दाम ठेवलेल्या सेलवर ‘डोंट टच’ (टूलने हात लावू नये ही खूण) लावलंय का, ते आधी बघा. पण मुळात रांग वाढवण्याऐवजी ट्रान्झिस्टरच्या चॅनेलची (करंट वाहतो त्या वाटेची) लांबी वाढवून पाहा. ०.१५ मायक्रॉनची १.५ केली की करंट दहा पटींनी घटतो, ट्रान्झिस्टरच्या गेटची कपॅसिटन्स (भरावा लागणारा चार्ज) दहा पटींनी वाढते, म्हणजे कागदावर उशीर शंभरपट. जे काम आखूड चॅनेलच्या शंभर इन्व्हर्टरनी व्हायचं ते लांब चॅनेलचा एक करतो, आणि त्यात भरायची कपॅसिटन्स एकूण दहावा हिस्साच. प्रत्यक्षात इतकं गोड निघत नाही, म्हणून दोन्ही रचना स्वतः चालवून आकडे आणा.

या युक्तीला एक खोड आहे. कड मंद झाली की पुढच्या लॉजिक गेटचे वरचा-खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर काही काळ एकदम चालू राहतात आणि सप्लायपासून ग्राउंडपर्यंत करंट सरळ वाहतो. सप्लायच्या करंटचा आलेख काढा, मधोमध एक बुटका उंचवटा दिसेल. तोच तुमचा चोर. मंद कड थेट जोरकस गेटला देऊ नका. मध्ये कमी करंटचा इन्व्हर्टर किंवा श्मिट ट्रिगर (मंद कड घेऊन तीक्ष्ण कड देणारं गेट) ठेवा आणि उंचवटा किती बसला ते मोजून आणा.

करंट-स्टार्व्ह्ड इन्व्हर्टर (मुद्दाम करंट आवळलेला) सगळ्यांना आवडतो, कारण बायस (करंट किती आवळायचा ते ठरवणारा व्होल्टेज) बदलून उशीर हलवता येतो. पण तो बायस तयार करणाऱ्या सर्किटचा करंट सतत चालू असतो. अधूनमधून हलणाऱ्या सिग्नलला तो लावणं म्हणजे एक वाटी विसळायला दिवसभर नळ सोडणं. आरसीचा (रेझिस्टर आणि कपॅसिटरचा) पर्याय मात्र टाकू नका: १०० किलोओहम आणि १०० फेम्टोफॅरड म्हणजे जवळपास ७ नॅनोसेकंद, आणि दर चौकोनी २,००० ओहमचा पॉली (पॉलिसिलिकॉनचा थर) घेतला तर ५० चौकोनांत रेझिस्टर संपतो.

कॉर्नर (ट्रान्झिस्टर जलद, मंद किंवा मधले निघण्याच्या ठरावीक शक्यता) पाचही चालवा, तापमान उणे ४०, २५ आणि १२५, सप्लाय १.६२, १.८ आणि १.९८ व्होल्ट. मिळून ४५ रन होतात. हाताने करू नका, स्क्रिप्ट लिहा. होल्डचा उशीर जलद कॉर्नरला पुरतो का, ते आधी पाहा. लेआउट झालं असेल तर पॅरासिटिक (तारांमुळे आपोआप येणारे रोध आणि कपॅसिटन्स) हिशेबात धरल्यानंतरचेच आकडे आणा.

आणि ते आकडे छापून आणा. लाइट गेली तर गॅलरीत बसून बघू.