टिनाचं घर तापतंय? शीट लावताना या चुका टाळा

आपल्याकडे कवेलू (कौलं) उतरले आणि घरांवर टिन चढलं. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जायची. टिनाखाली ती कोंडते, वर तापलेला पत्रा खाली झळ सोडत राहतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर गेला की कूलरही गरम हवाच फिरवतो. म्हणून लोक बाजारातून चंदेरी बबल शीट (हवेच्या फुग्यांची चकाकती शीट) आणतात आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते: शीट थेट पत्र्याला चिकटवतात.

या शीटचं काम झळ परतवण्याचं. त्यासाठी चकाकत्या बाजूसमोर मोकळी हवा लागते. पत्र्याला चिकटली की वरच्या बाजूची चकाकी वाया जाते, पत्र्याची उष्णता सरळ शीटमध्ये उतरते. पत्र्याखालच्या पाइपांना आडव्या तारा ओढा आणि शीट त्यांवर अशी अंथरा की पत्रा आणि शीट यांत किमान इंचभर पोकळी राहील. एकाच बाजूने चकाकणारी शीट असेल तर चकाकी खाली ठेवा, वर ठेवली तर धूळ बसून ती मंदावते. पोकळीची दोन्ही टोकं उघडी हवीत, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल. उंदीर शिरू नयेत म्हणून तिथे बारीक जाळी लावा. शीट लावूनही घर तापत असेल तर आधी ही टोकंच तपासा.

चूल असलेल्या खोलीत थर्माकोल अजिबात लावू नका. तो भराभर पेटतो, धूर विषारी असतो. घर जाण्यापेक्षा उकाडा परवडला. इतर खोल्यांतही पेट्रोलसारखा वास येणाऱ्या गोंदाने चिकटवू नका, थर्माकोल विरघळतो.

ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर, ओलं झालं की निकामी. त्यामुळे आधी गळती बंद करा, मग ते प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून बसवा. हाताळताना हातमोजे, तोंडाला कापड.

आणि पत्र्याची वरची बाजू विसरू नका. नवा टिन चमकतो, तरी उन्हात तापतोच. त्याला पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर खाली उतरणारी उष्णता मुळातच कमी होते. खर्च एकच करता येत असेल तर मी आधी हाच करायला सांगेन. नुसता चुना पावसात धुऊन जातो, तो दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो.

स्लॅबचं घर असेल तर उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर द्या. खालून फॉल्स सीलिंग केलं तर स्लॅब दिवसभर तापतच राहतो.